दसऱ्यानंतरचा झेंडू वर्गात आणा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चौथीच्या मुलांना घरच्या तोरणातलं एकेक सुकत आलेलं फूल आणायला सांगते. खर्च शून्य, आणि निर्माल्यही कामी येतं.

दोघांत एक फूल द्या. आधी अंदाज फळ्यावर लिहून घ्या : यात किती पाकळ्या? मग खालचा हिरवा पेला चिरून जुन्या वर्तमानपत्रावर फूल मोकळं करा. प्रत्येक ‘पाकळी’च्या बुडाशी बारीक काळी काडी दिसेल. तेच बी, म्हणजे झेंडू हा एका फुलाचा नव्हे, अनेक फुलांचा गुच्छ! हे मुलांना स्वतःच सापडू द्या, आपण तोंड बंद ठेवायचं (सर्वांत अवघड भाग हाच). मग दहा-दहाचे ढीग करून मोजणी. भरलेल्या बिया कुंडीत पेरा. पोकळ फिकट बिया उगवत नाहीत.

आपट्याची पानं घरात आलेलीच असतात, त्यासाठी फांद्या तोडायला लावू नका. मधोमध दुमडली की सममिती शिकवून होते. आपटा म्हणून कांचनाची मोठी पानंही येतात. शेजारी ठेवून तुलना करा.

मैदानात १ मीटरची काठी उभी रोवा आणि दर सोमवारी साडेबाराला सावली मोजा. पुण्याच्या आसपास २३ सप्टेंबरला ती साधारण ३३ सेंटीमीटर भरते, २२ डिसेंबरला ९० च्या घरात जाते. ढगाळ सोमवार रिकामा सोडा, आकडा भरू नका.