गुणाचं नाव नको, प्रसंग सांगा

ब्रिटनमध्ये मेडिकलच्या मुलाखतीला बसणाऱ्या आपल्या मुलांना कळकळीचं सांगणं: 'मी संवेदनशील आहे' असं म्हणू नका. आपल्याकडच्या नीटसारखं तिथं नुसत्या परीक्षेवर भागत नाही. बहुतेक ठिकाणी एमएमआय असते, म्हणजे एकामागून एक छोट्या मुलाखती, प्रत्येकीला जेमतेम काही मिनिटं. तेवढ्या वेळात प्रसंगच लक्षात राहतो. 'वृद्धाश्रमातले एक आजोबा चहा तसाच ठेवायचे. मला वाटलं, आवडत नसेल. तिसऱ्या दिवशी त्यांचा थरथरणारा हात दिसला, तेव्हापासून कप अर्धाच भरून द्यायला लागलो.' यातलं ते 'मला वाटलं' गाळू नका, आपली चूक कळणं तिथंच दिसतं. उत्तर पाठही करू नका. घरी आजीला किंवा ताईला तोच प्रसंग तीनदा, दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगून बघा.