गेटचा इंटरकॉम बंद: सप्लाय गेला की वायर गेली?

बटण दाबलं की पॅनेलचा दिवा मंदावतो, घरातल्या हँडसेटमध्ये घरघर येते आणि लॉक 'टक्' करून गप्प बसतं. मग बाजारातून नवा सप्लाय (घरच्या २३० व्होल्टचे इंटरकॉमला लागणारे कमी व्होल्ट करणारा डबा) येतो. पंधरा दिवसांनी तोही तसंच करू लागला, तर दोष दुसरीकडेच आहे असं समजा.

सुरुवातीला इंटरकॉम आणि गेट-मोटर, दोन्हींचे एमसीबी पाडा. एसएमपीएसचं (स्विचिंग पद्धतीच्या सप्लायचं) झाकण उघडणार असाल तर पाच मिनिटं थांबा आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून बघा. २३० व्होल्टच्या लाइनवर तिथे सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठतात, आणि लाइन बंद केल्यावरही ते काही वेळ राहतात.

आता लेबल वाचा. आउटपुट १२, १५, १८ की २४ व्होल्ट, एसी की डीसी? जुन्या बेलचा ट्रान्सफॉर्मर एसी देतो. तिथे मीटर डीसीवर ठेवला तर शून्य दिसतं आणि चांगला ट्रान्सफॉर्मर भंगारात जातो. इनपुटची ओळही बघा. रावेर-यावलकडे केळीला पाणी देणाऱ्या मोटारी सुरू झाल्या की घरात १७०-१८० व्होल्टच येत असतील, तर '२००-२४०' लिहिलेला सप्लाय अडखळणारच. तिथे '१००-२४०'वाला घ्या.

लाइन चालू करून, आउटपुटच्या दोन्ही तारा सोडवून मोजा. १२च्या सप्लायवर १२ दिसले म्हणून खूश होऊ नका, बिनलोडचा आकडा फसवतो. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब जोडा, तो साधारण ०.८ अँपिअर ओढतो. (सप्लाय किमान दीड अँपिअरचा हवा, २४ व्होल्टला असे दोन बल्ब एकामागे एक.) थंड बल्ब पहिल्या क्षणी बराच जास्त करंट खातो, म्हणून तेव्हाचा आकडा सोडून द्या. दोन मिनिटांनी ११.५च्या वर असेल तर सप्लाय ठीक. खाली उतरत जात असेल तर सप्लाय बसला. बाहेरच्या तारा परत जोडल्यावर सप्लाय टिक-टिक करत असेल तर त्या पुन्हा सोडा. टिकटिक थांबली तर शॉर्ट बाहेर आहे, नाही थांबली तर आत.

आत बहुधा आउटपुटचा कपॅसिटर फुगलेला सापडतो, वरचा भाग पोटासारखा वर आलेला, बुडाशी तपकिरी ओघळ. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या खांबावरच्या लोखंडी डब्यात त्याहून जास्त. दर १० अंशांना कपॅसिटरचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) घ्या. पट्टीची बाजू वजा. आणि सप्लाय खांबातून काढून घरात लावा, हा खरा इलाज.

सप्लाय ठीक निघाला तर गेटपाशी जा. घरातून कोणाला तरी लॉकचं बटण दाबायला सांगा आणि लॉकच्या टर्मिनलवर मोजा. ०.५ चौरस मिमीची तार ३० मीटर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर होते, म्हणजे सव्वादोन-अडीच ओम. एक अँपिअरच्या लॉकला तिथे जेमतेम साडेनऊ व्होल्ट पोचतात. १.५ चौरस मिमी टाकली तर घट ०.८ व्होल्टच. कॅट-६ (नेटवर्कच्या बारीक तारांच्या) केबलच्या एका जोडीवर लॉक चालवायचा मोह टाळा. गेटच्या कंट्रोल बोर्डवरचे २४ व्होल्टही सेन्सरपुरतेच असतात, त्यावर लॉक टांगू नका.

डीसी लॉकच्या कॉइलवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे का बघा. नसेल तर लॉक सुटताना उलटा झटका सप्लाय आणि पॅनेलचा रिले दोघांनाही खातो. चंदेरी पट्टी प्लसकडे. उलटा लावला की थेट शॉर्ट. एसी लॉकला हा डायोड चालत नाही.

जमिनीखालची तार शेवटी तपासा, पण विसरू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत पाइपचा जोड सुटतो आणि पाणी शिरतं. दोन्ही टोकं मोकळी करून तार-तारेत ओम मोजा. आकडाच यायला नको (शून्य आला तर शॉर्ट). थोडे किलोओम दिसले तर आत ओल आहे. तार सोलल्यावर तांबं हिरवट असेल तर तेवढा तुकडा टाकूनच द्या. डब्यात मुंग्यांची वारुळं आणि पालीही सापडतात. वरची, बाजूची भोकं ग्लँडने (तारेभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करा, तळाचं पाणी निघायचं भोक मात्र उघडं ठेवा.

नवा सप्लाय घ्यायचा झाला तर लॉक आणि पॅनेलच्या एकूण करंटच्या दीडपट, साधारण १२ व्होल्ट, ३ अँपिअर. जोडल्यावर लॉक लागोपाठ दहा वेळा उघडा. दहाव्या वेळीही लॉकवर ११ व्होल्ट टिकले पाहिजेत. हीच चाचणी भर दुपारी दोनला पुन्हा करा.