कंपोझिट स्केटबोर्ड डेक घेताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना डेक (स्केटबोर्डची उभं राहायची फळी) नीट न बघताच नवीन महागडा कंपोझिट, म्हणजे लाकडासोबत फायबर घातलेला, मागवणं. आधी जुना उलटा करा आणि बघा तो नेमका कुठे गेलाय. ट्रकच्या (चाकं धरणाऱ्या धातूच्या भागाच्या) बोल्टजवळ किंवा मधोमध कडकन मोडला असेल, म्हणजे तुम्ही पायऱ्यांवरून वगैरे उड्या मारताय, तर फायबरवाल्या डेकचा खरंच उपयोग होईल. पण टेल, म्हणजे मागचं वर वळलेलं टोक, घासून घासून वस्तऱ्यासारखी पातळ (रेझर टेल) झाली असेल तर जास्तीचे पैसे घालू नका, कारण टेल कुठल्याही डेकची झिजतेच आणि आपल्याकडच्या खरबरीत काँक्रीटवर तर भराभर झिजते. तिथे साधा 7 थरांचा मेपलच बरा, झिजला की बदलायचा.

दुसरं, सगळे कंपोझिट डेक एकच समजू नका. ऑलमोस्ट कंपनीच्या इम्पॅक्ट डेकमध्ये ट्रक बसतात त्या जागी कार्बन फायबरची चकती असते, म्हणजे लँडिंगचा मार बसतो बरोबर तिथे, पण ज्याचा बोर्ड मधोमध मोडतो त्याला ती चकती काय वाचवणार? त्याने सांता क्रूझचा व्हीएक्स बघावा, त्यात मेपलच्या 5 थरांसोबत क्वाड एक्स नावाच्या फायबरचे थर आहेत, नाहीतर पॉवेल पेराल्टाचा फ्लाइट, तो मेपलला फायबर आणि इपॉक्सीची (चिकटवणाऱ्या रेझिनची) जोड दिलेला, हातात घेतला तरी पातळ लागतो. पातळ डेकला नेहमीचे 1 इंची बोल्ट खालून जास्त बाहेर येतात, 7/8 इंची घ्या.

आणि हो, स्वस्तातल्या बोर्डावर कार्बनच्या विणीचं नुसतं चित्र छापलेलं असतं!! वरून बघून काही कळत नाही, कड बघा, थर तिथेच दिसतात. नाही दिसला तर दुकानदाराला सरळ विचारा की फायबर कुठे आहे, गोलगोल उत्तर आलं की निघा.

रुंदी आणि कॉन्केव्ह (डेकचा खोलगटपणा) मात्र जुन्यासारखंच ठेवा प्लीज, 8 इंचांवरून एकदम 8.5 वर गेलात आणि मटेरियलही बदललंत तर फ्लिप (बोर्ड हवेत फिरवायची ट्रिक) का बिघडला ते कळणारच नाही, दोष उगाच फायबरला.

इपॉक्सी आहे म्हणून पावसात चालेल असंही नाही. आत लाकूडच आहे, कडेतून आणि बोल्टच्या भोकांतून पाणी पितं, चाकांतली बेअरिंग गंजतात ते वेगळंच.

वापरताना मधूनमधून टेल जमिनीवर आपटून आवाज ऐका. आधी टणक यायचा आणि आता बद्द येतोय तर थर सुटलेत किंवा आत तडा गेलाय. ग्लास फायबरवर पांढरा डाग उमटला तर आतलं रेझिन तडकलंय, असा डाग बोल्टपाशी असेल तर त्या बोर्डवर मोठी उडी नको.

ग्रिप टेप (पाय घसरू नये म्हणून वर चिकटवायचा खरखरीत कागद) लावताना कड कानशीने घासतो ना, तेव्हा हलक्या हाताने, थेट फायबरपर्यंत खरवडू नका. ती धूळ अंगाला भयंकर खाजते आणि नाकात गेलेली तर अजिबात चांगली नाही, त्यामुळे मास्क लावा आणि हे काम घराबाहेर करा.