ऑनलाइन डिग्रीची फी भरण्याआधी जरा माझ्या शेजारी बसा

पारोळ्यात माझं महा ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, ही रोजची कामं. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की त्यात आणखी एक गिऱ्हाईक मिसळतं, ‘ताई, ऑनलाइन डिग्रीचा फॉर्म भरून द्या’ म्हणणारं. जानेवारी-फेब्रुवारीचं सत्र नेमकं तेव्हाच तोंडावर आलेलं असतं.

फॉर्म मी भरून देते, पण आधी माणसाला शेजारच्या स्टुलावर बसवते. कारण माझ्या सख्ख्या भावाचं जे झालं ते मी विसरले नाही. त्यानं एका विद्यापीठाची बाहेरून डिग्री घेतली, आईनं पाटली मोडून फी भरली. भरतीच्या लेखी परीक्षेत पोरगा पास झाला आणि कागदपत्र तपासणीच्या टेबलावर अडकला. गंमत अशी की विद्यापीठ खरं होतं. कायद्यानं स्थापन झालेलं, इमारत असलेलं, सगळं. फक्त त्यानं प्रवेश घेतला त्या वर्षी त्या कोर्सला दूरशिक्षणाची परवानगी नव्हती.

म्हणून ‘विद्यापीठ खरं आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. हा कोर्स, ऑनलाइन पद्धतीनं, या सत्रात चालवायची परवानगी आहे का, हे बघायचं. तिन्ही एकदम जुळलं पाहिजे.

परवा गल्लीतली एक सून आली होती. एजंटनं व्हॉट्सॲपवर एमबीएचं माहितीपत्रक पाठवलेलं. खाली पाच-सहा शिक्के: आयएसओ, उद्यम नोंदणी, कुठल्याशा ‘कौन्सिल’ची संलग्नता, नॅक. तिला म्हटलं, यातली उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मी याच खुर्चीत बसून आधारवर काढून देते. मागच्या आठवड्यात एका पिठाच्या गिरणीची काढली. गिरणीला मिळते ती नोंदणी डिग्रीला काय कामाची? आयएसओचंही तेच, त्याचा पदवीच्या मान्यतेशी संबंध नाही. नॅक मात्र खरी गोष्ट. पण नॅक संस्थेचा दर्जा तपासून मानांकन देतं, तेही ठरावीक मुदतीचं. ऑनलाइन कोर्सची परवानगी विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी देतं. या दोन्हींची सरमिसळ करूनच एजंट लोक पोट भरतात.

मग संकेतस्थळ उघडलं. एजंटनं पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा: डेब डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन (deb.ugc.ac.in). डेब म्हणजे यूजीसीचा दूरशिक्षण विभाग. तिथं सत्रानुसार विद्यापीठांच्या आणि कोर्सेसच्या याद्या असतात. ऑनलाइन वेगळं आणि दूरशिक्षण वेगळं, हे डोक्यात ठेवा. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. गेल्या वर्षीची यादीही चालत नाही. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून बंद झालं, त्याआधी कितीतरी ठिकाणी ते होतं.

यादीत तिचं विद्यापीठ सापडलं. तिचा चेहरा खुलला. मी खाली सरकवत गेले. ऑनलाइनखाली बी.ए. होतं, एम.कॉम. होतं. एमबीए नव्हतं. पुन्हा वरून खाली बघितलं, नव्हतंच. तिनं तिथूनच एजंटला फोन लावला. तो म्हणाला, ‘मॅडम, मान्यता प्रोसेसमध्ये आहे, तुम्ही सीट बुक करून ठेवा.’ अशा वेळी फोन ठेवून द्यायचा. यादीत येईल तेव्हा बघू.

यूजीसीच्या मुख्य संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांचीही यादी आहे, नागपूरचंही एक नाव त्यात वर्षानुवर्षं आहे. ती जरूर बघा, पण ‘बोगस यादीत नाव नाही, म्हणजे चांगलं’ हा हिशोब करू नका. माझ्या भावाचं विद्यापीठ त्या यादीत कधीच नव्हतं.

काही कोर्स तर शोधायचीही गरज नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली यांची पदवी ऑनलाइन मिळत नाही, पीएच.डी. तर नाहीच. कोणी देतो म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. परदेशी विद्यापीठाची पदवी मोबाइल ॲपवाल्या कंपनीमार्फत मिळते म्हणणाऱ्यांबद्दल यूजीसीनं डिसेंबर 2023 मध्येच सावध केलंय.

फी विद्यापीठाच्या खात्यात जाते की माणसाच्या, हेही बघा. विद्यापीठाला आपला ऑनलाइन कोर्स दुसऱ्या कोणाला फ्रँचायझीवर चालवायला देता येत नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर ‘अमुक ट्रेडर्स’ असं नाव आलं, तर हात तिथंच थांबवा. पैसे गेलेच असतील तर स्क्रीनशॉट ठेवा आणि लगेच 1930 ला फोन करा. ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

आणि मान्यता असलेल्या कोर्सची पदवी असेल, तर ‘ऑनलाइन आहे, चालत नाही’ म्हणून घाबरवणाऱ्यांचं ऐकू नका. यूजीसीच्या नियमात ती नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे.

त्या सुनेनं शेवटी दुसऱ्या विद्यापीठाचं एमबीए निवडलं, यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघून. आता 2024 पासून ऑनलाइन प्रवेशाला डेब आयडी, म्हणजे डेबच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यानं काढायचा नंबर, लागतो, आणि त्याच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा नंबर, तो डिजिलॉकरवर निघतो. आम्ही दोघी बसलो. आधारचा ओटीपी पाठवला आणि वाट बघत राहिलो. येईना. तिच्या आधारला मोबाइल नंबर सासऱ्यांचा जोडलेला, सासरे शेतात कापूस वेचणीवर, फोन झाडाला टांगलेल्या पिशवीत. तिसऱ्यांदा रिंग गेल्यावर त्यांनी उचलला: ‘काय व्हयनं?’ तेव्हा येताना आधारला जोडलेला मोबाइल सोबत घेऊन या.