स्काऊट पथकात मोठ्यांपैकी एक, म्हणजे लीडर म्हणून नव्याने आलात? आधी हात आवरायला शिका

अर्ज, पडताळणी, प्राथमिक प्रशिक्षण हे पथक सांगेल त्या क्रमाने उरकून घ्या. प्रथमोपचार शिका. दोराच्या गाठी सुरुवातीला चार-पाच मारता आल्या तरी पुरे. बाकीच्या मुलं शिकवतील, आणि त्यांना शिकवू द्या.

एका नियमात मात्र सवलत नाही. कोणत्याही मुलासोबत आडोशाला एकटं थांबायचं नाही. बोलायचं ते दुसऱ्या मोठ्या माणसाला दिसेल अशा जागी. फोनवरून मुलाला परस्पर मेसेज पाठवायचा नाही, त्यात पालक किंवा दुसरा लीडर हवाच. 'आपल्याकडे सगळी ओळखीचीच माणसं आहेत' असं म्हणून हा नियम सैल करणाऱ्याचं ऐकू नका.

आता अवघड भाग. 'मुलांत मिसळा, पुढाकार घ्या' असं नव्या माणसाला सर्रास सांगतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या शिबिरातच स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाला मुलांमधलाच एक नायक दिला. स्काऊटिंग आजही यावरच उभं आहे. तंबू कुठे ठोकायचा, स्वयंपाक कुणी करायचा, हे संघनायक ठरवतो. तुम्ही मध्ये पडलात की संघ त्याच्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो, आणि तो नावापुरता नायक उरतो.

हात आवरणं मलाही फार जड गेलं. ढग भरून आलेत, तंबूचे दोर सैल आहेत, आणि आपल्याला ते दोन मिनिटांत ताणता येतात! तरी जागचे हलू नका. स्वतःला एवढंच विचारा: यात कुणाला इजा होईल, की नुसती गैरसोय? ओलं अंथरूण, करपलेलं जेवण, निघायला झालेला उशीर ही गैरसोय. होऊ द्या. आग, खोल पाणी, कुऱ्हाड, कडा, कुणाला दिला जाणारा त्रास, न सापडणारं मूल, इथे मात्र विचारत बसू नका, सरळ मध्ये पडा.

हवा बदलली की ही रेषाही सरकते, ते नवे लोक विसरतात. उबदार रात्री भिजलेलं पोर सकाळी वाळतं. गार वाऱ्यात तेच पोर कुडकुडायला लागलं, बोलताना अडखळायला लागलं, तर ते धोक्यात आहे. लगेच आडोशाला न्या, कोरडे कपडे आणि पांघरूण द्या, वैद्यकीय मदत बोलवा.

एरवी कुणी विचारायला आलं की म्हणा, "संघनायकाला विचारलंस का?" संघनायकच अडला तर उत्तर देऊ नका, त्याला काय काय करून बघता येईल ते त्याच्याकडूनच काढून घ्या. त्याची चूक त्याच्या संघासमोर कधीही दाखवायची नाही. ते बोलणं काम संपल्यावर, आणि आधी त्याला बोलू द्या.

शिबिरात मोठ्यांचा तंबू वेगळा, चूल वेगळी. हाक मारली तर ऐकू येईल इतकं जवळ, आपसातलं बोलणं ऐकू येणार नाही इतकं लांब.

तुमचं स्वतःचं मूल पथकात असेल तर त्याची परीक्षा, त्याच्या तक्रारी, त्याची समजूत, सगळं दुसऱ्या लीडरकडे सोपवा. आणि पहिल्या वर्षी सामानाची नोंद, हिशेब किंवा प्रवासाची व्यवस्था, यातलं एकच काम अंगावर घ्या.