पाचजणांत एक गाडी

मोटारदुरुस्ती शिकवताना मी मुलांना गटानं एक जुनी गाडी विकत घेऊन, दुरुस्त करून विकायला लावतो. पहिली अट असते: गाडी चालू स्थितीतली घ्या. वर्षानुवर्षं झाडाखाली उभी असलेली गाडी मातीमोलानं मिळते म्हणून सगळे हरखतात, इंजिन खोलून बसतात आणि तिसऱ्या आठवड्यात निम्मा गट फिरकत नाही. चालत्या गाडीचा बिघाड कानाला ऐकू येतो आणि दुरुस्ती झाली की फरकही लगेच कळतो.

गट पाचजणांचा बरा. चौघं गाडीवर, एक वहीवर, आणि वहीवाला रोज बदलायचा. कुठला भाग काढला, बोल्ट कुठल्या डबीत ठेवले, आज किती खर्च झाला, कोणी दिला, सगळं त्यात. पहिल्या पानावर कोणाचे किती पैसे आणि नफ्यातोट्याची वाटणी कशी, हे लिहून पाचही सह्या. मित्र आहोत, सह्या कशाला, असं म्हणणाऱ्या गटाची भांडणं मीच सोडवलेली आहेत. जमलेल्या पैशांतले निम्मेच गाडीवर घाला. उरलेले सुट्या भागांवर जातातच.

गाडी बघायला जायचं ते सकाळी, इंजिन थंड असताना. हे मी फसून शिकलो. माझ्या पहिल्या तुकडीला घेऊन गेलो तेव्हा मालक म्हणाला, ‘‘आत्ताच एक चक्कर मारून आणली, बघा कशी पळते!’’ अर्ध्या सेल्फमध्ये गाडी सुरू झाली. बॉनेट हाताला चटका देत होतं, त्यामुळे रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघता आलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या शेडमध्ये थंड इंजिन सुरू केलं, तर ते अडखळत सुरू झालं आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबेचना. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल मळकट पांढरं, फेसाळ. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यांवरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील, गेलेलं. रात्रभरात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये झिरपलं होतं. आदल्या दिवशी गरम इंजिननं हा दोष झाकला होता.

गार हवेत सुरुवातीला थोडी वाफ येतेच, तिला घाबरू नका. इंजिन तापल्यावरही येत राहिली तर शंका घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय.

बाकीची तपासणी पटापट होते. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर असू शकतो (काही गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचं असतं, हेही लक्षात ठेवा). सीट सरकते त्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आणि गालिच्याखाली बारीक गाळ दिसला तर गाडी पाण्यात बुडून आलेली असू शकते, तिच्या नादी लागू नका. टायरवरच्या उत्पादन-कोडचे शेवटचे चार आकडे २३१९ असले, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून बिघाडाचा एकही कोड दिसला नाही म्हणून हुरळू नका. कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या अनेक स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात. चेसिस नंबर कागदांशी अंकानं अंक ताडा, कर्ज बाकी आहे का ते विचारा. अशा खरेदी-विक्रीला परवाना लागतो का, याची चौकशीही पहिल्या सौद्याआधीच करा.

कामाला लागताना एक गोष्ट घोटून घ्या: जॅक उचलायला, स्टँड पेलायला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. स्टँड लावल्यावर गाडी हलवून बघायची, मगच आत. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, शेवटी जोडायची. एअरबॅगच्या वायरिंगला हात नाही.

मुलांना आधी रंगाची घाई असते. रंग सगळ्यात शेवटी. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आधी, मग गळती, मग वीज. ब्रेकचं काम झालं की जाणत्या मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

आणि मोजल्याशिवाय भाग बदलू नका. एका गटानं सेल्फ मरतोय म्हणून नवी बॅटरी आणली, तरी तेच. जुन्या बॅटरीवर गाडी उभी असताना १२.६ व्होल्ट होते, इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे बॅटरी भरलेली होती आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) नीट चार्ज करत होता. मग एका मुलीनं मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली आणि सेल्फ मारायला सांगितलं. तिथे जेमतेम ०.२ व्होल्ट दिसायला हवेत, दिसले दोनच्या वर. इंजिनकडून बॉडीला जाणारी अर्थची (विजेच्या परतीच्या वाटेची) पट्टी गंजली होती. पॉलिश पेपरनं दोन्ही टोकं घासली, बोल्ट आवळला, आणि सेल्फ असा फिरला की आत बसलेला मुलगा दचकला. नवी बॅटरी अजून कपाटात आहे.

विकताना गिऱ्हाइकाला गाडी थंड असतानाच बोलवा आणि पहिली किल्ली त्यालाच फिरवू द्या. वही समोर ठेवा. जे दुरुस्त केलं नाही तेही तोंडानं सांगा. हेड गॅस्केटवाल्या गाडीचं हेड आम्ही फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून, आणलं, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) मधून बाहेर असे टप्प्याटप्प्यानं बोल्ट आवळले, आणि विकताना हे सगळं सांगितलं. भाव पडला. नफा शून्य. पण गिऱ्हाईक वही मागून घेऊन गेलं.

तेव्हापासून मूळ वही गाडीबरोबर देतो आणि झेरॉक्स आपल्याकडे ठेवतो. त्याआधी मागची पानं तेवढी फाडून घ्यावी लागतात. तिथे मुलांनी माझी चित्रं काढलेली असतात.