गाजराची पुंगी: मोठेपणी खेळायचं कसं

मोठ्या माणसांना "जरा खेळा" म्हटलं की ती बॅडमिंटनचा क्लास लावतात, महागाचे बूट आणतात आणि महिन्याभरात तेही एक काम होऊन बसतं. इथे सांगतोय तो खेळ गाजराच्या पुंगीचा: वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. त्याला फी लागत नाही आणि शेवटी काही हाती लागलंच पाहिजे अशी अटही नसते.

पहिलं काम, रोजच्या दिसण्यातला एक प्रश्न पकडा. तवा घ्या. घावन घालण्याआधी आपण त्यावर पाण्याचा हबका मारतोच. तवा बेताचा तापला असेल तर पाणी चर्र करून उडून जातं. पण बिडाचा तवा चांगला कडकडीत तापला की तोच थेंब गोटीसारखा गोल होतो, इकडून तिकडे पळत सुटतो आणि बराच वेळ टिकतो. (तव्यावर तेल नको, अंगावर उडतं. नॉनस्टिकही नको, रिकामा तापवला की खराब होतो.) तवा जास्त तापलाय, मग पाणी जास्त वेळ कसं टिकतं?

इथे थांबा आणि मोबाइलला हात लावू नका. आधी स्वतःचा अंदाज बांधा आणि वाण्याच्या यादीमागे लिहून ठेवा. अंदाज चुकला तरी चालेल, पण तो बांधल्याशिवाय उत्तर वाचलं की ती नुसती माहिती होते आणि दुपारपर्यंत विसरते. उत्तर असं: थेंबाचा तळ तव्याजवळ येताक्षणी त्याची वाफ होते, तो वाफेचा थर थेंबाला तव्यापासून वेगळं धरतो आणि वाफेतून उष्णता हळूहळूच वर पोचते. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरांनी १७५६ साली हे लिहून ठेवलं, तेही तापवलेल्या लोखंडी चमच्यात थेंब टाकून बघून. म्हणजे प्रयोगशाळा आपल्यापेक्षा फार मोठी नव्हती!

दुसरं काम हातांचं. नुसतं कुतूहल डोक्यात ठेवलं तर ते सुकतं. एक स्ट्रॉ घ्या. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, त्यामुळे हातात येईल ती कागदी असेल. तीही चालते, फक्त ओली झाली की लोळागोळा होते, म्हणून दोन-तीन जवळ ठेवा. एक टोक बोटांनी दाबून चपटं करा. दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन त्याला टोकदार करा. आता हे टोक ओठांच्या आत घ्या, ओठ हलकेच मिटा आणि जोरात फुंका. पहिल्यांदा नुसती हवा जाईल. टोक थोडं आत-बाहेर करत राहा, मग अचानक म्हशीच्या रेकण्यासारखा आवाज निघेल. सनईच्या पत्तीत होतं तेच इथे होतं, समोरासमोरच्या दोन पात्या थरथरतात. वाजत असतानाच दुसरं टोक कात्रीने कापत जा, प्रत्येक कापाबरोबर सूर चढतो. घरचे ओरडतील, ओरडू द्या. अशा खेळण्यांचा खजिना हवा असेल तर अरविंद गुप्ता यांचं काम बघा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी केली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून केलेले भूमितीचे आकार त्यांचेच.

तिसरं, आपल्या कामात एखादी विनाकारण अट घाला. लिहिणाऱ्याने एक पान 'आणि' न वापरता लिहावं, चित्र काढणाऱ्याने डाव्या हाताने रेघ मारावी, स्वयंपाक करणाऱ्याने फ्रीजमधल्या तीनच जिनसांत भागवावं. उखाणा हे अशा अटीचं घरचं उदाहरण: नाव आलं पाहिजे, यमक जुळलं पाहिजे, बाकी मोकळं रान. लग्नातले पाठ उखाणे सोडा आणि ऑफिसातल्या प्रिंटरवर एक करून बघा.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न येणारच, बहुधा तुमच्याच मनातून. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन दुसऱ्या महायुद्धानंतर कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होते आणि संशोधनाला पार कंटाळले होते. कॅन्टीनमध्ये कुणीतरी ताट हवेत भिरकावलं, ते डुलत-फिरत खाली आलं. त्या डुलण्याचा आणि फिरण्याचा हिशेब ते निव्वळ मजेखातर करत बसले. महत्त्व काय, असं सहकाऱ्याने विचारलं तर म्हणाले, काहीच नाही. त्याच रमण्यातून पुढे १९६५ च्या नोबेलचं काम सुरू झालं, असं ते स्वतः सांगत. आपल्याला नोबेल मिळणार नाही, त्यामुळे आपण तर आणखीच निवांत खेळू शकतो. मात्र केलेलं लगेच स्टेटसला टाकू नका. लाइक मोजायला लागलं की खेळ संपला.

कंटाळा आला तर प्रश्न सोडून द्या, तो पुरा करायचं बंधन नाही. नवा सुचत नसेल तर रस्त्यावर या. सायकलवाला वाकडं झालेलं चाक तारा आवळून सरळ करतो, ते नेमकं कसं? कुंभाराच्या चाकावर माती मधोमध कशी बसते? त्यांनाच विचारा, बहुतेक जण हौसेने दाखवतात. फक्त दुपारी, गिऱ्हाईक नसताना जा. सकाळी बोहनीच्या आधी नको.